डीओआय उघडत नाही, तेव्हा नेमके काय तुटलेले असते?

वाचनखूण (सोमवार, सकाळी ११:४०)

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडच्या अर्थशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा मराठी प्रबंध या महिन्यात विद्यापीठाकडे जायचा आहे आणि त्याची संदर्भसूची तपासण्याचे काम तिच्या मार्गदर्शकांनी माझ्याकडे सोपवले आहे. सूचीत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेल्या २३१ नोंदी आहेत. शनिवार-रविवार बसून मी प्रत्येक दुवा हाताने उघडून पाहिला. १९७ लेख नीट उघडले, ३४ उघडले नाहीत.

न उघडण्याची तऱ्हा मात्र एकसारखी नाही. २७ ठिकाणी डीओआय डॉट ऑर्गचेच पान येते आणि हा डीओआय सापडत नाही असे सांगते. ५ ठिकाणी प्रकाशकाच्या संकेतस्थळाकडे जाता येते, पण तिथे ४०४, म्हणजे पान सापडत नसल्याचा संकेत, तरी मिळतो किंवा पान नुसतेच फिरत राहते. उरलेल्या २ ठिकाणी लेख उघडतो, पण तो भलताच लेख असतो.

विद्यार्थिनीने हे लेख वाचलेले आहेत, तिच्या वहीत पानांच्या क्रमांकांसह टिपणे आहेत, ती मी स्वतः पाहिली आहेत. तरीही परीक्षकांनी सहज म्हणून यातला एखादा दुवा उघडला आणि तो सापडला नाही, तर शंका तिच्या प्रामाणिकपणावरच घेतली जाईल. डीओआय कायमचा असतो असे आम्हीच विद्यार्थ्यांना शिकवतो. मग हे दुवे तुटतात कसे, आणि तक्रार करायची तर कोणाकडे?

सर्व्हरजवळ (सोमवार, दुपारी ४:१५)

मी नेदरलँड्समध्ये एका विद्वत्-नियतकालिकांच्या प्रकाशनसंस्थेच्या तांत्रिक विभागात काम करतो आणि न उघडणारे डीओआय हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आपण तिन्ही तऱ्हा वेगळ्या काढल्या, हे फार चांगले झाले, कारण त्या तिन्हींची कारणे वेगळी असतात आणि त्यांची दारेही वेगळी असतात.

डीओआय हा स्वतः पत्ता नव्हे. ते एक नाव आहे आणि त्या नावापुढे आजचा पत्ता कुठेतरी लिहून ठेवलेला असतो. आपण दुवा दाबला की न्याहाळक (ब्राउझर) आधी डीओआय डॉट ऑर्गकडे जातो. ते संकेतस्थळ हँडल प्रणालीला, म्हणजे अशी नावे आणि त्यांचे पत्ते यांच्या नोंदवहीला, विचारते, की या नावापुढे कोणता पत्ता नोंदलेला आहे. उत्तर मिळाले की ते ३०२ हा संकेत देऊन न्याहाळकाला त्या पत्त्यावर पाठवून देते. त्यापुढचे सगळे प्रकाशकाच्या सर्व्हरवर घडते. म्हणून पहिला प्रश्न एवढाच असतो: नाव सापडले नाही, की नाव सापडून पत्त्यावर कोणी भेटले नाही?

हे तपासायला एक सोपी सोय आहे. डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यानंतर तिरकी रेघ, एपीआय, पुन्हा तिरकी रेघ, हँडल्स, पुन्हा तिरकी रेघ आणि मग डीओआय असे लिहून पाहा. हे सगळे अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत लिहायचे. उत्तरात रिस्पॉन्सकोड १ आला, तर नोंद आहे आणि तिथेच खाली नोंदलेला पत्ताही दिसतो. १०० आला, तर त्या नावाची नोंदच नाही. ज्या ५ ठिकाणी आपण प्रकाशकापर्यंत पोचता, तिथे १ येईल, आणि ज्या २७ ठिकाणी नाव सापडत नाही, तिथे १०० यायला हवा.

१०० आला, तर प्रकाशकाला पत्र लिहिण्याआधी तो डीओआय अक्षर-अक्षर तपासावा, कारण माझ्या अनुभवात अशा बहुतेक तक्रारींचे मूळ नकलेत असते. पीडीएफमधून उचललेल्या ओळीत हायफनच्या जागी थोडी लांब आडवी रेघ येते, जी डोळ्याला सारखीच दिसते. ओळ संपताना शब्द तोडण्यासाठी घातलेला हायफन डीओआयमध्येच राहून जातो. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम दुव्याला चिकटतो. वर्डमध्ये दुव्याखाली आपोआप रेघ येते आणि तिच्यामुळे अंडरस्कोअर झाकला जातो, मग पाहून टंकणारा माणूस तिथे मोकळी जागा सोडतो. स्प्रिंगरच्या ग्रंथांतील प्रकरणांच्या डीओआयमध्ये शेवटी अंडरस्कोअर आणि प्रकरणाचा क्रमांक असतो, त्यामुळे ते हमखास या तावडीत सापडतात. लहान-मोठ्या रोमन अक्षरांची मात्र काळजी करू नये, डीओआय त्यांच्यात भेद करत नाही.

जुन्या डीओआयची एक वेगळीच अडचण आहे. १९९० च्या दशकातील वायलीच्या नियतकालिकांच्या डीओआयमध्ये कंस, अर्धविराम आणि लहान-मोठे दाखवणारी टोकदार चिन्हेसुद्धा आहेत. 'लॅन्सेट'च्या जुन्या लेखांच्या डीओआयमध्ये गोल कंस आहेत. अशी चिन्हे व्हॉट्सॲप, ईमेल किंवा एखादी संदर्भ-आज्ञावली मध्येच कापते आणि उरलेला अर्धाच तुकडा दुवा म्हणून दाबला जातो. डीओआय पूर्ण उचलून डीओआय डॉट ऑर्गच्या मुखपृष्ठावरील चौकटीत चिकटवला, तर तो उघडतो. दुव्यातच द्यायचा असेल, तर त्या चिन्हांच्या जागी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे संकेत घालावे लागतात.

वाचनखूण (मंगळवार, दुपारी १:०५)

आपण सांगितल्याप्रमाणे २७ डीओआय पुन्हा तपासले आणि सर्वांत मोठे कारण असे निघाले, की जे आपल्या यादीत नव्हते. ते मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळावे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रबंधात सर्वत्र देवनागरी आकडे हवेत अशी विभागाची अपेक्षा आहे. टंकलेखकाने शेवटच्या दिवशी 'शोधा आणि बदला' ही आज्ञा पूर्ण दस्तऐवजावर चालवली. त्यात संदर्भसूचीतील काही पाने आली आणि ९ डीओआयमधले आकडे देवनागरी झाले. कागदावर ते अगदी सुरेख दिसतात: १०, टिंब, १०१६, तिरकी रेघ. परंतु संगणकाच्या लेखी देवनागरी १ आणि रोमन १ ही दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे तो उपसर्गच, म्हणजे तिरक्या रेघेआधीचा भागच, कोणाच्या नावावर नाही. हे ९ दुवे उलट बदल करून तासाभरात दुरुस्त झाले, कारण एका आकड्याला एकच आकडा, त्यात काही हरवत नाही.

याहून वाईट अवस्था आणखी ५ नोंदींची आहे. प्रबंधाचे दुसरे प्रकरण काही वर्षांपूर्वी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले होते. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्याच संकेतांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. ते प्रकरण परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणताना मराठी मजकुराबरोबर इंग्रजी मजकूरही परिवर्तकाने मराठीच समजून बदलला. डीओआयच्या जागी आता काना, मात्रा आणि अर्ध्या अक्षरांची एक ओळ उरली आहे. ती उलटी फिरवून पाहिली, तर दोन ठिकाणी वेगवेगळ्या चिन्हांचे एकच चिन्ह झालेले आढळले, म्हणजे मूळ डीओआय त्यातून खात्रीने परत मिळणार नाही.

उरलेल्यांपैकी ७ डीओआयमध्ये आपण सांगितलेल्याच चुका होत्या, त्यातील ३ तर अंडरस्कोअरच्याच. कंस आणि टोकदार चिन्हांमुळे कापले गेलेले ३ होते. अजून ३ डीओआय असे आहेत, की त्यांत मला एकही चूक दिसत नाही, मूळ पीडीएफवर छापलेले आहेत तसेच ते आहेत, आणि तरीही १०० येतो.

सर्व्हरजवळ (मंगळवार, सायंकाळी ६:५०)

देवनागरी आकड्यांचे कारण मला खरोखर सुचले नसते. इथे बसून ते दिसत नाही. आपण ते लिहून ठेवले, याबद्दल मनापासून आभार.

परिवर्तकात बिघडलेल्या ५ नोंदींसाठी डीओआय सुधारत बसू नये, तो नव्याने शोधावा. क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर 'सिंपल टेक्स्ट क्वेरी' नावाची सोय आहे. तिथे लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष अशी पूर्ण नोंद चिकटवली, की जुळणारा डीओआय मिळतो. मिळालेल्या डीओआयवरचे शीर्षक आपल्या नोंदीशी एकदा डोळ्यांनी ताडून पाहावे, कारण पुस्तक आणि त्याच पुस्तकाचे परीक्षण यांत ही सोय कधीकधी गोंधळते. आपल्या २ भलत्या लेखांचे कारणही बहुधा असेच निघेल.

अंकसंपादन (मंगळवार, रात्री १०:३०)

शेवटच्या ३ डीओआयबद्दल मी लिहू शकेन, कारण हा दोष आमच्या हातूनही घडला आहे. मी एका छोट्या शैक्षणिक नियतकालिकाच्या संपादनात आहे आणि आमचा अंक ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, या आज्ञावलीवर चालतो.

ओजेएसमध्ये डीओआय देणे आणि डीओआय नोंदवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. अंकाची मांडणी करताना आज्ञावली आपल्या उपसर्गापुढे प्रत्यय जोडून प्रत्येक लेखाला डीओआय देते. तो लेखाच्या पानावर दिसू लागतो, पीडीएफवर छापला जातो, लेखक तो आपल्या माहितीपत्रात लिहितात. पण तोपर्यंत त्याची नोंद कुठेही झालेली नसते. लेखाची माहिती क्रॉसरेफकडे जमा केल्यावरच तो डीओआय जन्माला येतो. आपोआप जमा होण्याची खूण केलेली असली, तरी ते काम सर्व्हरवरील ठरावीक वेळी चालणाऱ्या कार्यावर अवलंबून असते आणि ते कार्य बंद पडले, तर कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे सर्व्हर बदलल्यावर नेमके हेच झाले. एका अंकातील ११ लेखांचे डीओआय जवळपास ४ महिने छापलेले होते आणि त्यातला एकही नोंदलेला नव्हता. एका लेखिकेने पदोन्नतीच्या अर्जात आपला डीओआय दिला, छाननीत तो उघडला नाही आणि तिने मला दूरध्वनी केला, तेव्हा ते उघडकीस आले. तिचा स्वर मला अजून आठवतो. त्या रात्री मी प्रत्येक लेखाची स्थिती पाहिली. सगळ्यांपुढे 'जमा केलेले नाही' असे स्पष्ट लिहिलेले होते. पाहिले कोणी नव्हते, एवढेच.

कधी जमा करूनही नोंद होत नाही. पाठवलेल्या फायलीत एखादे चिन्ह चुकीचे असले, नियतकालिकाचे शीर्षक किंवा आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) आधीच्या नोंदीशी जुळत नसले, तर क्रॉसरेफ ती फाइल नाकारते आणि तसा अहवाल ईमेलने पाठवते. तो ईमेल ज्या पत्त्यावर जातो, तो दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सहसंपादकाचा असेल, तर पुढचे सांगायला नको. ज्यांच्या हाती असा एखादा अंक आहे, त्यांनी आजच आपला तांत्रिक संपर्क कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उघडण्यात अपयशी ठरलेल्या डीओआयचा अहवालही क्रॉसरेफ सदस्यांना दर महिन्याला पाठवते, आणि तो वाचला तरी निम्मी दुखणी लवकर कळतात.

वाचनखूण ताई, आपल्या ३ लेखांच्या संपादकांना थेट लिहा. शिवाय डीओआय न सापडल्याचे जे पान येते, त्यावरच ही चूक कळवण्याचा अर्ज असतो, तोही भरा. उपसर्गावरून तो संबंधित प्रकाशकाच्या तांत्रिक संपर्काकडे पोचवला जातो. नोंद झाल्यावर डीओआय साधारणतः काही मिनिटांत चालू होतो.

सर्व्हरजवळ (बुधवार, दुपारी ३:२०)

वरच्या प्रतिसादाला एक जोड देतो. उपसर्गावरून आजचा प्रकाशक ओळखू नये. १०.१००२ हा वायलीचा किंवा १०.१०१६ हा एल्सेव्हिअरचा, हे नोंदणीच्या वेळेपुरते खरे असते. नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, तरी जुन्या लेखांचे डीओआय आहेत तेच राहतात, नव्या प्रकाशकाने फक्त त्यापुढचे पत्ते बदलायचे असतात. ते बदलायचे राहून जाणे हे ४०४ येण्याचे फार मोठे कारण आहे. प्रत्येक डीओआय क्रॉसरेफचाच असतो असेही नाही. झेनोडो या संशोधन-साहित्याच्या कोठारावरील साहित्याचा १०.५२८१ हा उपसर्ग डेटासाइट या दुसऱ्या नोंदणी संस्थेकडे नोंदलेला आहे, जपान, कोरिया, चीन येथे स्वतंत्र नोंदणी संस्था आहेत. डीओआय डॉट ऑर्गनंतर तिरकी रेघ आणि आरए असे लिहून पुढे डीओआय दिला, तर त्याची नोंदणी संस्था कोणती ते कळते.

आपल्या ५ ठिकाणांसाठी आधी भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवरून तपासा. महाविद्यालयांच्या जाळ्यातील सुरक्षा-भिंत काही संकेतस्थळे अडवते. ज्यांनी दुवे तपासणारी आज्ञावली वापरली असेल, त्यांनी ४०३ या उत्तराला घाबरू नये. मोठे प्रकाशक यंत्राने आलेल्या विनंत्या नाकारतात, माणसाला तोच दुवा उघडतो. पत्ता आजच दुरुस्त झाला असेल, तर एक दिवस थांबा, कारण हँडलच्या नोंदीत ८६,४०० सेकंदांची, म्हणजे २४ तासांची मुदत असते आणि तोवर मधला एखादा सर्व्हर जुनाच पत्ता देऊ शकतो.

सगळीच व्यवस्था एकदम बंद पडणे फार विरळ आहे. २० जानेवारी २०१५ ला बऱ्याच अंशी तसे झाले होते. डीओआय डॉट ऑर्ग या नावाच्याच नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले आणि जगभरातील अनेक डीओआय काही काळ उघडेनासे झाले. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी कळले, की डीओआयचा कायमपणा शेवटी वेळेवर करायच्या कामांवर उभा आहे.

कोठारपाल (बुधवार, रात्री ९:१०)

विषय डीओआयचा असला, तरी त्याच्या सख्ख्या भावंडाबद्दल इथेच लिहितो, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत त्याचे दुवे अधिक असतात. मी एका संस्थेचे डीस्पेस या आज्ञावलीवरील डिजिटल कोठार सांभाळतो, जिथे संस्थेतील प्रबंध आणि लेख ठेवलेले असतात.

डीओआय ज्या हँडल प्रणालीवर चालतो, त्याच प्रणालीची साधी हँडलेही असतात. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या कोठारातील हँडलचा उपसर्ग १०६०३ आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कोठारातील नोंदींवर १०९७३ हा उपसर्ग दिसतो. हे नोंदलेले उपसर्ग आहेत. परंतु आपल्या अनेक महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या कोठारांतील दुव्यांत १२३४५६७८९ असा उपसर्ग दिसेल. तो कोणाचाही नाही. डीस्पेस बसवताना नमुना म्हणून तो आधीच भरलेला असतो आणि आपला उपसर्ग घेऊन तो बदलायचा असतो. तो बदललेला नसला, तरी कोठाराच्या आतले दुवे चालतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हँडल डॉट नेटवरून मात्र तो कधीच उघडत नाही, आणि कोठाराचा पत्ता बदलला, की त्या संस्थेतील प्रत्येक प्रबंधाचा संदर्भ एकदम निराधार होतो.

दुरुस्ती अवघड नाही. उपसर्ग रीतसर नोंदवून घ्यावा, हँडल सर्व्हर चालू करावा, संस्थेच्या जाळ्यात २६४१ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, बाहेरून येणाऱ्यांसाठी उघडून घ्यावे आणि डीस्पेसमधील उपसर्ग बदलण्याच्या आज्ञेने जुन्या नोंदी नव्या उपसर्गाखाली आणाव्यात. माझा सगळा वेळ तिसऱ्या पायरीवर गेला. पोर्ट उघडण्याच्या परवानगीसाठी मला ७ आठवडे पत्रव्यवहार करावा लागला, कारण त्याचा उपयोग काय, हे पटवून देण्यासाठी दाखवण्याजोगे काही नव्हते. शेवटी मी एका माजी विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा परदेशी लेखात छापलेला, न उघडणारा दुवा प्राचार्यांना त्यांच्याच संगणकावर दाखवला.

प्राध्यापक_भूगोल (गुरुवार, सकाळी ८:२५)

एक शंका विचारतो. छापलेला डीओआय न उघडणे हे बनावट नियतकालिकाचे लक्षण मानावे का? आमच्याकडे मुलाखतीत तसे मानले जाते.

अंकसंपादन (गुरुवार, दुपारी १२:००)

सर, एकट्या त्या लक्षणावरून तसे मानू नये. आमच्या लेखिकेवर तोच अन्याय झाला असता. एक लेख उघडत नसेल, तर त्याच अंकातील आणि मागील अंकांतील आणखी काही डीओआय उघडून पाहावेत. सगळेच न उघडणारे असतील, तर संशयाला जागा आहे. डीओआय म्हणून दिलेला क्रमांक १० ने सुरूच होत नसेल, तर तो डीओआय नाही, मग त्यापुढे काहीही लिहिलेले असो. आणि डीओआय उघडतो म्हणून नियतकालिक चांगले, हा उलटा निष्कर्षही चुकीचा आहे. नोंदणी संस्था लेखाचा दर्जा तपासत नाही. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून परीक्षण समित्या सोप्या खुणा शोधू लागल्या आहेत, पण ही खूण त्या कामाची नाही.

अलीकडे एक वेगळा प्रकार दिसतो, तो मात्र गंभीर आहे. संभाषण करणाऱ्या एआय साधनांकडून घेतलेल्या संदर्भांत लेखक खरा, नियतकालिक खरे, डीओआयचा उपसर्गही खरा आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे आढळते. असा डीओआय बहुधा उघडत नाही किंवा दुसऱ्याच लेखावर नेतो. तिथे नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडून पाहणे हाच निर्णायक उपाय आहे.

वाचनखूण (शनिवार, दुपारी २:४५)

आठवडाभराचा हिशेब कळवते. देवनागरी आकड्यांच्या ९, नकलेच्या ७ आणि कंसांच्या ३ नोंदी दुरुस्त झाल्या. परिवर्तकात बिघडलेल्या ५ नोंदींचे डीओआय शीर्षकावरून नव्याने मिळाले. भलत्या २ लेखांपैकी एकात शेवटचा आकडा चुकलेला होता आणि तो चुकलेला डीओआयही दुसऱ्या कोणाचा तरी खराच निघाला. दुसऱ्यात पुस्तकाच्या जागी परीक्षणाचा डीओआय आला होता, हे आपण आधीच सांगितले होते.

प्रकाशकापर्यंत नेणाऱ्या ५ पैकी एक दुवा फक्त आमच्या महाविद्यालयात अडत होता. ३ एकाच नियतकालिकाचे होते. त्याने संकेतस्थळ बदलले होते, पण पत्ते बदलून कळवले नव्हते. त्यांच्या संपादकांनी दोन दिवसांत नवे पत्ते नोंदवले आणि काल ते तिन्ही उघडले. पाचव्या दुव्याचे नियतकालिक बंदच पडलेले आहे. त्याचा सर्व्हर नाही, कोणत्याही जतन-व्यवस्थेत ते आढळले नाही. संशोधक मार्टिन ईव यांनी ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासून २०२४ मध्ये दाखवले होते, की त्यांतील सुमारे २८ टक्के लेख जतन-व्यवस्थांमध्ये सापडत नाहीत. ते वाचले होते तेव्हा तो एक आकडा होता. या वेळी त्यातला एक लेख माझ्यासमोर होता. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच्या पानाची एक जुनी प्रत मिळाली. डीओआयबरोबर आता त्या प्रतीचा पत्ता आणि ती पाहिल्याची तारीखही नोंदीत दिली आहे.

न नोंदलेल्या ३ पैकी २ संपादकांनी डीओआय लगेच जमा केले. तिसऱ्यांचे उत्तर आलेले नाही. ती नोंद डीओआयशिवाय, पूर्ण खंड, अंक आणि पृष्ठांसह ठेवली आहे, आणि मुद्रित अंकाच्या त्या पानांची छायाप्रत विद्यार्थिनीने आपल्या वहीला जोडली आहे. त्या नियतकालिकाचे कोणी इथे असतील, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. मी पुढच्या सोमवारी पुन्हा तो डीओआय उघडून पाहणार आहे.